लंडनमधल्या कॅरिबियन उत्सवाची, म्हणजे नॉटिंग हिल कार्निव्हलची सुरुवात नक्की कोणी केली? क्लॉडिया जोन्स की रॉन लॅस्लेट?

रस्त्यावरच्या उत्सवाबद्दल विचारत असाल तर रॉन लॅस्लेट. लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये राहणाऱ्या या समाजकार्यकर्तीने 1966 साली 'लंडन फ्री स्कूल' या स्थानिक लोकशिक्षण गटाच्या मंडळींना हाताशी धरून मोहल्ल्याची जत्रा भरवली. वस्ती तेव्हा गरीब आणि मिश्र होती: कॅरिबियन, आयरिश, युक्रेनियन, स्पॅनिश, पोर्तुगीज. तिथल्या 1958 च्या वंशद्वेषी दंगलींच्या खुणा पुसल्या नव्हत्या, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकत्र आणणं हाच हेतू. खरी कलाटणी मात्र आयत्या वेळी मिळाली. मुलांसाठी वाजवायला बोलावलेले त्रिनिदादचे रसेल हेंडरसन आणि त्यांचे साथीदार स्टील ड्रम गळ्यात अडकवून चक्क रस्त्यावर चालू लागले आणि लोक मागे नाचत निघाले. आजची मिरवणूक तिथून सुरू झाली.

पण क्लॉडिया जोन्स यांना वगळून चालणार नाही. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या या पत्रकार-कार्यकर्तीने जानेवारी 1959 मध्ये दंगलींना उत्तर म्हणून लंडनमधल्याच सेंट पँक्रास टाऊन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल घेतला होता. तो बंद सभागृहातला आणि नॉटिंग हिलबाहेरचा, शिवाय 1964 च्या अखेरीस त्या वारल्या. त्यामुळे 1966 च्या जत्रेत त्यांचा हात असणं शक्यच नाही. तरी अनेक जण 'कार्निव्हलची जननी' त्यांनाच म्हणतात, आणि कॅरिबियन परंपरेचा धागा धरला तर ते चुकीचंही नाही. प्रचंड साउंड सिस्टिम आणि वेशभूषेची पथकं मात्र या दोघींचीही देणगी नव्हे. ते रूप 1973 पासून कार्निव्हलचे आयोजक लेस्ली पामर यांनी दिलं.