दहा महिने झाले, की दहाच महिने?

तुमची पोस्ट वाचता वाचता माझा चहा गार झाला. नॉटिंगहॅमला येऊन जेमतेम दीड महिना, अडकलेल्या पगाराची चौकशी केली तर 'इन अ कपल ऑफ वीक्स' असं उत्तर, तुम्ही बरोब्बर चौदाव्या दिवशी फोन लावून 'आय अ‍ॅम वेटिंग सिन्स टू वीक्स' म्हणालात आणि पलीकडची बाई क्षणभर गप्पच झाली. त्यावर तुम्ही विचारताय, की फॉर, सिन्स, इन, बाय यांचा एखादा तक्ता कुणाकडे आहे का.

तक्ते ढिगाने मिळतील. सिन्सपुढे सुरुवातीचा दिवस, फॉरपुढे मुदत, हे शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय, त्यात शिरत नाही. मला सांगायचंय ते तक्त्यात नसतं, आणि त्यापायी आमचं राहतं घर गेलंय. आधीच सांगून ठेवते, मी इंग्रजीची बाई नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माझं सगळं शहाणपण लीड्स आणि आसपासचं. अमेरिकेतल्या मंडळींनी आपलं आपण ताडून बघावं.

२०१३ सालची गोष्ट. आम्हाला लीड्समध्ये येऊन दहा महिने झाले होते आणि मुलीच्या शाळेजवळ दोन बेडरूमचं घर हवं होतं. भाड्याच्या घरांची एक एजन्सी होती, नाव घेत नाही. तिथे काम करणाऱ्या मुलीचा फोन आला तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. नाव, नोकरी, पगार विचारून झाल्यावर ती म्हणाली, "अँड हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?" माझ्या कानांनी 'हाऊ लाँग' आणि 'हिअर' एवढंच उचललं. 'इथे येऊन किती दिवस झाले' असंच विचारतेय, दुसरं काय! मी ठसक्यात सांगितलं, "वी आर हिअर फॉर टेन मन्थ्स." ती 'लव्हली' म्हणाली, आणि कीबोर्डची टकटक ऐकू आली.

तिने विचारलं होतं, 'किती दिवसांसाठी आला आहात?' आणि मी सांगितलं होतं, 'दहा महिन्यांसाठी.'

तुम्ही सिन्सबद्दल लाजताय, पण त्याने तुमचं काही बिघडलं नाही. वाक्य मोडकं होतं, म्हणून पलीकडची बाई थबकली आणि काय म्हणायचंय ते तिने ताडलं. माझं वाक्य व्याकरणात चोख होतं, फक्त अर्थ भलताच. असं वाक्य कुणी थांबवत नाही, ते सरळ फायलीत जाऊन बसतं.

करार सहा महिन्यांचा झाला. पहिला करार सहा महिन्यांचा असणं तेव्हा इथे नेहमीचंच होतं, त्यामुळे शंका आली नाही. चौथ्या महिन्यात पत्र आलं, दोन महिन्यांत घर सोडा. ऑफिसात गेले तर तिथल्या माणसाने स्क्रीन माझ्याकडे वळवला. 'ओव्हरसीज फॅमिली, इन यूके टेन मन्थ्स ओन्ली.' त्यातलं 'ओन्ली' त्यांनी पदरचं घातलेलं! आमच्या पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स त्याच फायलीत होती आणि व्हिसा चांगला तीन वर्षांचा होता. एका माणसाने ते पान उलटलं असतं तर? पण नाही. "दॅट्स व्हॉट यू टोल्ड अस," एवढंच. तोवर मालकाने घर आपल्या भाचीला कबूल केलं होतं. मी लेखी तक्रार दिली, त्यावर उत्तर आलं, 'इन ड्यू कोर्स' कळवू. हा कालावधी आपल्या सरकारी 'यथावकाश'चा सख्खा भाऊ. मी अजून वाट बघतेय.

नवं घर मिळालं ते दुसऱ्या टोकाला. तो अख्खा हिवाळा पोरीला दोन बस बदलून शाळेत नेलं. शिवाय नव्या एजन्सीची फी पुन्हा भरली. (इंग्लंडमध्ये जून २०१९ पासून भाडेकरूकडून अशा बहुतेक फिया घ्यायला बंदी आहे. तुमच्याकडे कुणी 'अ‍ॅडमिन फी' मागितली तर देऊ नका, आधी विचारा.)

पुष्कळ दिवसांनी उमगलं, की घोळ इंग्रजीत नव्हताच, तो माझ्या मराठीत होता. आपण 'दहा महिन्यांपासून इथे राहतोय' म्हणतो. क्रियापद वर्तमानकाळातच राहतं, मागचा काळ ओढून आणायचं काम 'पासून' करतं, नाहीतर 'दहा महिने झाले' मधलं 'झाले' करतं. इंग्रजीत ते काम 'हॅव बीन' करतं. 'वी हॅव बीन हिअर फॉर टेन मन्थ्स' म्हणजे झाले. 'वी आर हिअर फॉर टेन मन्थ्स' म्हणजे येऊन-जाऊन मुक्काम दहा महिन्यांचा. आपल्या मनात 'झाले' आलं, की इंग्रजीत 'हॅव बीन' आलंच पाहिजे, एवढी एकच खूणगाठ मी बांधली. प्रश्न ऐकतानाही तेच. 'हॅव यू बीन' ऐकू आलं तर मागचं सांगा, 'आर यू' आणि शेवटी 'फॉर' ऐकू आलं तर पुढचं. तो शेवटचा फॉर हे लोक गिळतात, म्हणून सुरुवातीकडेच कान ठेवा.

आता तुमचं 'इन अ कपल ऑफ वीक्स'. 'इन' दिसला की आपण 'दोन आठवड्यांत' असं ऐकतो. पण कुणी पुढचं आश्वासन देत असेल तेव्हा तो 'इन' बहुतेक वेळा आपला 'नी' असतो, दोन आठवड्यांनी. 'आत' म्हणायचं असेल तर 'विदिन' म्हणतील, आणि ते लेखी मिळालं तरच खरं. काम संपवायला लागलेला वेळ सांगताना मात्र 'इन' म्हणजे 'त'च. 'आय रेड इट इन टू डेज', दोन दिवसांत वाचून काढलं. आणि 'कपल' म्हणजे दोन, हे लग्नाच्या पत्रिकेत ठीक. ऑफिसच्या तोंडी ते दोन, तीन, कधी चारही. याला मी खोटेपणा म्हणणार नाही. आपण अंगाला साबण लावलेला असताना फोनवर 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणतोच की!

'पर्यंत'नेही एकदा दगा दिला होता, थोडक्यात सांगते. 'शुक्रवारपर्यंत फॉर्म द्या' आणि 'शुक्रवारपर्यंत थांबा', आपल्याला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पहिला 'बाय', दुसरा 'अन्टिल'. मी साहेबांना 'आय विल सेंड द रिपोर्ट अन्टिल फ्रायडे' लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, रोज एक पाठवणार आहेस का?

आणि आपले 'आठ दिवस'! आपण सोमवारी 'आठ दिवसांनी येते' म्हणतो ते पुढच्या सोमवारीच, कारण आजचा दिवस धरून मोजतो. 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे, तेही तसंच. हे शब्दशः 'आफ्टर एट डेज' केलंत तर इथला माणूस मंगळवार लिहून घेईल. पंधरा दिवसांसाठी त्यांच्याकडे छान शब्द आहे, फोर्टनाइट. जुन्या इंग्रजीतल्या 'चौदा रात्रीं'वरून आलेला. पूर्वी सात रात्रींचा 'सेननाइट'ही होता, तो मेला. आपण दिवस मोजतो, यांचे पूर्वज रात्री मोजायचे. जर्मन टोळ्यांची ही खोड रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८च्या सुमारास लिहून ठेवली आहे. अमेरिकन माणसापुढे फोर्टनाइट वापरू नका, त्याला बहुधा व्हिडिओ गेम आठवेल. 'बायवीकली' तर कुणापुढेच नको. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, हे त्यांचं त्यांनाच ठरवता आलेलं नाही.

जाता जाता, 'हाफ सिक्स' म्हणजे साडेसहा, साडेपाच नव्हे. तुमच्या लॅबमध्ये कुणी जर्मन असेल तर त्याचं नेमकं उलटं असतं.

तुमच्या पगाराचं काय करायचं? फोन बंद करा, मेल करा. त्यात 'टू वीक्स' लिहूच नका, पहिल्या फोनची तारीख लिहा, 'आय हॅव बीन वेटिंग सिन्स' आणि पुढे ती तारीख. शेवटी विचारा, कोणत्या तारखेला जमा होईल? उत्तरात 'टेन वर्किंग डेज' आले तर कॅलेंडर घेऊन बसा, शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे (इथली सार्वजनिक सुट्टी) त्यात धरत नाहीत. २०१९ साली २० डिसेंबरला, शुक्रवारी, मला असेच दहा दिवस मिळाले होते. दुसऱ्या दिवसापासून मोजले तर दहावा दिवस ८ जानेवारीला आला. स्कॉटलंडमध्ये असते तर ९ला, तिथे २ जानेवारीलाही सुट्टी असते.

माझी पद्धत सगळ्यांना पटेल असं नाही. आमचे हे म्हणतात, प्रत्येक मेलमध्ये तारखा लिहून मी कोर्टाच्या कारकुनासारखी वाटते. वाटू दे. मेल पाठवण्याआधी मसुदा इथे टाकलात तर नजर फिरवून देईन, पण रविवारनंतर. त्याआधी माझ्या ड्यूट्या आहेत.