घाम न येणारा घोडा: दम्याचं औषध देत माझे अडीच महिने गेले

तुम्ही लिहिलंय की घोडा नऊ वर्षांचा आहे. वीस मिनिटं दुडकी झाली की नाकपुड्या फुलवून उभा राहतो, श्वास मिनिटाला ऐंशीच्या घरात. खोकला नाही, नाकातून काही येत नाही, आणि खोगीर उतरवलं की अंग कोरडं. एकाने दमा सांगितला, दुसऱ्याने ‘आळशी झालाय, टाच मारा’ म्हटलं. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात, ‘मागच्या उन्हाळ्यात मात्र घामाने नुसता निथळायचा.’ त्या ओळीपाशी मी थांबले. माझ्या रेवाची गोष्ट हीच होती, अगदी याच क्रमाने.

आधीच सांगते, मी पशुवैद्य नाही. चार उन्हाळे एक घाम न येणारी घोडी सांभाळली आहे, तेवढाच माझा अधिकार. औषधाबद्दल जे लिहीन ते तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. पण टाच मारायला सांगणाऱ्याचं मात्र आजपासून ऐकू नका. हा घोडा चालायचं टाळत नाहीये, त्याचं अंग आतून तापतंय.

सावली, पाणी, दुपारी काम नाही, हे तुम्ही करतच असाल असं धरून चालते. माझं सगळ्यात मोठं नुकसान जिथे झालं तिथेच येते.

रेवा आली तो पहिला उन्हाळा तिला इतका घाम यायचा की मानेवर लगाम घासला तिथे साबणासारखा पांढरा फेस जमायचा. (तो फेस खरंच साबणासारखंच काम करतो. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, त्यामुळे घाम तेलकट केसांवर पसरतो आणि लवकर उडतो.) दुसऱ्या उन्हाळ्यात फेस गेला. मला वाटलं, सवय झाली हवेची. मोतद्दार खरारा करताना एकदा म्हणाला, ‘ताई, हिच्या अंगाला हल्ली वासच येत नाही.’ मी ऐकलं आणि सोडून दिलं. मग धाप सुरू झाली. ज्यांना दाखवलं त्यांनी छाती ऐकली, थोडी घरघर आहे म्हणाले, श्वासनलिका मोकळी करायला क्लेनब्युटेरॉल सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ, खुराकातून. अडीच महिने.

चूक त्यांची किती आणि माझी किती, यावर मी पुष्कळ विचार केलाय. ते यायचे सकाळी सातला. तेव्हा हवा गार, घोडी रात्रभर उभी, थर्मामीटर लावला की १००. ‘ताप नाही’ असं कागदावर लिहिलं जायचं, आणि मीही निश्चिंत व्हायचे. संध्याकाळी काम करून आल्यावर, धापा टाकत असताना, एकदाही मी थर्मामीटर लावला नाही. घरात थर्मामीटर होता, खोगीरखोलीच्या कपाटात. साठ-सत्तर संध्याकाळी मी तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलताना बघितल्या आणि श्वास मोजत बसले.

शेवटी एका ढगाळ, चिकट संध्याकाळी ती वर्तुळात फिरताना मागच्या पायांत लडखडली. उतरले. कुशीवर हात ठेवला तर कातडी कोरडी ठणठणीत, आणि इतकी गरम की हात ठेववेना. आयाळीखाली बोटं घातली तर तिथे मात्र ओलावा. खोगिराखाली ताटलीएवढा डाग ओला, बाकी पाठ कोरडी. थर्मामीटर १०६.२. निरोगी घोड्याचं विश्रांतीतलं तापमान साधारण ९९.५ ते १०१.५ असतं, हे तुम्हाला माहीत आहेच. पुढचा पाऊण तास दोन नळ्या तिच्या अंगावर सोडून उभी होते. पाणी पडायला लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांत श्वास निम्म्यावर आला. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फुप्फुसाचा रोग नळीच्या पाण्याने असा उतरतो का?

घोडा तापला की त्याची बहुतेक उष्णता घामावाटे जाते. घाम बंद झाला की उरतो श्वास. म्हणून तो कुत्र्यासारखा धापतो. धाप हा रोग नव्हे, ती त्याची धडपड आहे. आपण त्या धडपडीलाच औषध देत बसतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी चाचणी केली. मानेच्या बाजूला केस कातरून, कातडीच्या आत टर्ब्युटालिनची (घामाच्या ग्रंथींना चेतवणारं औषध) अगदी छोटी इंजेक्शनं एका ओळीत, प्रत्येक आधीच्यापेक्षा दसपट पातळ. अर्धा तास थांबायचं. ज्याचा घाम शाबूत आहे त्या घोड्याला सगळ्यात पातळ टोचणीवरही थेंब फुटतात. रेवाला फक्त सगळ्यात तीव्र टोचणीवर दोन थेंब आले, बाकीच्या जागी नुसत्या गाठी. ही चाचणी मागून घ्या, आणि गरम दिवसांतच करून घ्या. थंडीत बऱ्याच घोड्यांचा घाम परततो, मग चाचणी गोंधळात टाकते.

आता क्लेनब्युटेरॉल. हे औषध काम करतं ते बीटा-२ ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या इशारे टिपणाऱ्या जागांवर. घोड्याच्या घामाच्या ग्रंथी उघडतात त्याही याच ग्राहकांमुळे, रक्तातल्या ॲड्रिनलिनच्या इशाऱ्यावर. उष्ण, दमट हवेत महिनोन्महिने सतत इशारे मिळून ते ग्राहक थकतात, ग्रंथी ऐकेनाशा होतात, असा आजचा प्रमुख तर्क आहे. आधी निथळणारा घोडा मग कोरडा पडतो, ते यामुळेच असावं. आणि आधीच थकलेल्या त्या ग्राहकांवर मी अडीच महिने रोज दोनदा त्यांनाच चेतवणारं औषध ओतत होते. त्यामुळेच रेवाचं बिघडलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण दुसऱ्या डॉक्टरांनी या औषधाचा कागद वाचल्यावर जी शांतता पसरली ती मी विसरलेले नाही. तुमच्या घोड्याला असं काही चालू असेल तर स्वतः बंद करू नका, पण आजच फोन करून ‘घामाचा प्रश्न असू शकतो’ हे सांगा.

शिंगरू असलेल्यांसाठी जाता जाता. शिंगराला न्यूमोनियासाठी एरिथ्रोमायसिनच्या जातीचं अँटिबायोटिक चालू असेल तर त्या काळात त्याचा घाम कमी होतो आणि उन्हात ते भराभर तापतं. त्याला सावलीत, गार जागी ठेवा. ताप वाढला म्हणून औषध बदलत बसण्याआधी हे तपासा.

उपाय कोणता म्हणाल तर घाम परत आणणारं खात्रीचं औषध नाही. टायरोसिन, कोलीन आणि ब जीवनसत्त्वांच्या पुड्या मिळतात. काहींना गुण येतो म्हणतात, रेवाला एका उन्हाळ्यात आल्यासारखा वाटला, दुसऱ्यात नाही. द्यायच्या तर उन्हाळा सुरू होण्याआधी द्या, म्हणजे निदान पैसे योग्य वेळी जातील. थायरॉइडच्या गोळ्यांच्या नादी लागू नका, तो जुना समज आहे. खुराकात बिअर ओता म्हणणारेही भेटतील. आणि क्षारांच्या पुड्यांवर मी फार खर्च करणार नाही. घामच नाही तर क्षार जाणार कुठून? मिठाचा खडा समोर ठेवा, पाणी भरपूर ठेवा.

खरा उपाय म्हणजे घोड्याचा अख्खा दिवस उलटा करणं. रेवा दिवसा पंख्याखाली आत, रात्री बाहेर. काम पहाटे, सूर्य उगवायच्या आत संपवायचं. संध्याकाळी नाही, कारण जमीन आणि भिंती दिवसभराची उष्णता तेव्हा बाहेर टाकत असतात. पंखा मोठा हवा आणि हवा घोड्याच्या अंगावरून वाहायला हवी, छताकडे नाही. फवाऱ्याचे पंखे उघड्या जागी छान, पण बंद तबेल्यात नुसता दमटपणा वाढवतात. मी तो मूर्खपणा एक आठवडा केला. केस दाट असतील तर कातरून टाका. म्हाताऱ्या घोड्याचे केस उन्हाळ्यातही गळत नसतील तर कुशिंगची तपासणी करून घ्या, तो वेगळा आजार आहे.

गरम अंगावर थंड पाणी टाकलं तर स्नायू आखडतात, हे तुम्हाला दहा जण सांगतील. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी तिथल्या उकाड्यासाठी यावर मुद्दाम अभ्यास झाले आणि ही भीती खोटी ठरली. बर्फाचं पाणी ओता. सगळ्या अंगावर ओता, नुसतं पायांवर नाही. ओतत राहा, पाणी निपटत बसून वेळ घालवू नका. फक्त ओला घोडा तसाच वारा नसलेल्या कोपऱ्यात नेऊन बांधू नका, अंगावरचं पाणी तापून रजई होतं. आणि एक लक्षात ठेवा, काम थांबल्यावरही गुदातलं तापमान काही मिनिटं चढतच असतं. थांबल्या थांबल्या १०३ बघून पाणी बंद कराल तर दहा मिनिटांनी १०४ दिसेल.

हवा कशी आहे ते ठरवायला माझा ढोबळ हिशेब असा: फॅरनहाइटमधलं तापमान आणि दमटपणाची टक्केवारी यांची बेरीज. १५०च्या वर गेली की धडधाकट घोड्यालाही जपावं लागतं, १८०च्या वर कोणीच काम करू नये. रेवासाठी मी १३० ला थांबते. ८० तापमान आणि ६० दमटपणा म्हणजे १४०, साधी सकाळ वाटते, पण तिला बाहेर काढत नाही. लोक हसतात. हसू देत. आणि खोगीर घालण्याआधीच १०१.५च्या वर असेल तर त्या दिवशी सुट्टी.

आता थोडी जळजळ. आम्ही एका स्पर्धेत नाव दिलं होतं. दुपारी अडीचची वेळ आली. मी आयोजकांच्या कार्यालयात डॉक्टरांचं पत्र घेऊन गेले, म्हटलं सकाळच्या पहिल्या गटात घ्या. ‘घोडा आजारी असेल तर माघार घ्या, आजारी नसेल तर वेळ बदलत नाही.’ तीन टेबलं, तीच ओळ. पत्र कोणी उघडून वाचलंसुद्धा नाही. मी माघार घेतली, शुल्क परत मिळालं नाही. वाईट वाटलं ते पैशाचं नाही. त्या दिवशी अडीच वाजता दुसऱ्या कोणाचा तरी असाच घोडा त्या मैदानात उतरला असेल आणि त्याच्या मालकाला ठाऊकही नसेल की त्याला घाम येत नाही. याची चौकशी करणारी एक ओळही त्यांच्या अर्जात नव्हती.

घोडा विकत घेताना विचारायची गोष्ट म्हणून आणखी एक. हा प्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थंड मुलखातून उष्ण वसाहतींत नेलेल्या ब्रिटिश घोड्यांत लक्षात आला, म्हणून अजून अनेकांना वाटतं की तो बाहेरून आणलेल्या घोड्यांचाच. तसं नाही, त्याच हवेत जन्मलेलेही कोरडे पडतात. फ्लोरिडात झालेल्या, २०१० साली छापून आलेल्या पाहणीत सुमारे २ टक्के घोड्यांना हा त्रास आढळला, आणि ज्यांच्या आईबापांत किंवा भावंडांत तो होता त्यांच्यात कितीतरी जास्त. म्हणून आई, भावंडं यांची विचारपूस करा. थंडीत विकला जाणारा घोडा नेहमीच छान दिसतो. रेवा मी थंडीत घेतली. विकणाऱ्याला माहीत होतं की नव्हतं, ते मला कधीच कळलं नाही, पण माहीत असून लपवणारे असतात, आणि त्यांनी घोड्याचा जीव धोक्यात घातलेला असतो.

उद्या काम देऊ नका. दुपारी सगळ्यात जास्त उकडतं तेव्हा, तो नुसता उभा असताना, थर्मामीटर लावा, श्वास मोजा. मग आयाळीखाली, बगलेत, मागच्या मांड्यांच्या मध्ये आणि कुशीवर, चारही ठिकाणी तळहात ठेवून ओलं-कोरडं बघा. त्यानंतर वीस मिनिटं पाणी ओतून पुन्हा तापमान आणि श्वास. कपाळावर आणि डोळ्यांभोवती केस विरळ झालेत का, कातडीला कोंडा धरलाय का, पाणी कमी पितोय का, तेही बघा. हे सगळं वेळेसकट इथे लिहा, आणि चालू असलेल्या औषधांची नावं बाटलीवरून जशीच्या तशी. मी रात्री बघते.