थंडीत काडतुसाचा वेग मोजताना आकडे इतके का बदलतात? तो अचूक कसा मोजायचा?

तुम्ही लिहिलंय की कॅल्गरीत उन्हाळ्यात तुमच्या ०.२२ रायफलच्या गोळीचा वेग क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सेकंदाला ३२८ मीटरच्या आसपास यायचा, आणि आता उणे १५ अंशात कधी ३१५ दिसतो, कधी ३४०. यंत्र बिघडलं की काडतुसं खराब निघाली? मी मिनेसोटात राहतो आणि हिवाळाभर उघड्या रेंजवर नेमबाजी करतो. माझं सांगणं एकच: यंत्राला लागलेली थंडी आणि काडतुसाला लागलेली थंडी आधी वेगवेगळी करा. दोन्हींची सरमिसळ राहिली तर शंभर गोळ्या झाडूनही हाती काही लागणार नाही.

३१५ खरा असू शकतो. थंडीत पावडर सावकाश जळते, नळीतला दाब कमी पडतो, गोळी हळू निघते. पण गारठ्यामुळे गोळी ३४० ने धावत नाही. मला तो दोष उजेडाचा वाटतो. तुमचं यंत्र गोळीची सावली दोन सेन्सरवरून जाताना लागलेला वेळ मोजतं. हिवाळ्यात सूर्य दिवसभर खालीच असतो, ऊन तिरपं येतं आणि बर्फावरून उजेड वर उसळतो. गोळीच्या पोटावर प्रकाश पडला की सावली पुसट होते, मग एक सेन्सर तिला वेळेवर ओळखतो आणि दुसरा जरा पुढेमागे. सेन्सरमधलं अंतर फूटभर असेल तर या ओळखण्यात एका सेंटिमीटरची गफलत झाली तरी आकडा जवळपास ११ मीटरने चुकतो. तुमच्या ३४० चा हिशोब इथेच लागतो.

सेन्सर बसवलेली धातूची पट्टी थंडीत आकसते म्हणून वेग चुकतो, असं काही जण सांगतील. फूटभर पोलाद ४० अंशांनी गार झालं तरी आकसतं सुमारे ०.१५ मिलिमीटर. त्याने वेगात सेकंदाला ०.१६ मीटरचा फरक पडेल. ते सोडून द्या.

उपाय म्हणजे दोन्ही सेन्सरना सारखा उजेड मिळवून देणं. यंत्रावर खोक्याचं छत करा, आत बॅटरीवर चालणारे एलईडी लावा. घरच्या विजेवरचे दिवे लुकलुकतात, ते नकोत. यंत्र नळीच्या तोंडापासून तीन-चार मीटर लांब ठेवा, म्हणजे गोळीमागून येणारा वायू सेन्सरला फसवणार नाही. डॉपलर रडार, म्हणजे सावलीऐवजी रेडिओलहरींनी वेग मोजणारं यंत्र, घेतलंत तर उजेडाचा प्रश्नच मिटतो, पण बॅटरीचा राहतो. अल्कलाइन सेल गारठ्यात लवकर मान टाकतात. लिथियम सेल वापरा, जास्तीचे आतल्या खिशात ठेवा.

आता काडतुसं. मी पुण्यात बालेवाडीला एअर रायफलवर शिकलो. तिथे गोळी दाबलेल्या हवेने सुटते, पावडरच नाही, त्यामुळे इथल्या पहिल्या हिवाळ्यात मला हे ठाऊक नव्हतं. डबी जॅकेटच्या खिशातून काढून बाकावर ठेवली आणि वीस गोळ्या झाडल्या. वेग हळूहळू उतरत गेला. मी काडतुसांच्या त्या खेपेला दोष दिला, पण डबी फक्त गार होत होती. हवेचं तापमान लिहून ठेवलं होतं, आणि लिहायला हवं होतं काडतुसांचं.

तेव्हापासून मी दोन झाकणबंद थर्मास डबे नेतो, प्रत्येकात थर्मामीटर. एकातली काडतुसं रात्रभर बाहेर ठेवलेली, दुसऱ्यातली वीस अंशांवर. पाच गार, पाच उबदार, पुन्हा पाच गार, पाच उबदार, अशी दोन्हींची वीस-वीस होईपर्यंत. काडतूस डब्यातून काढलं की लगेच झाडायचं, तापलेल्या नळीत ठेवून नेम धरत बसायचं नाही. दोन्ही गटांचे आकडे एकदम वर-खाली झाले तर यंत्राकडे बघा. दोन्ही स्थिर राहिले, तर त्यांच्यातला फरक हाच पावडरवर झालेला थंडीचा परिणाम. पाच गोळ्यांवर समाधान मानू नका. पाचांवरून काढलेलं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप, इतकं कच्चं असतं की खरं मूल्य त्याच्या ०.६ पट ते जवळपास तिप्पट यांत कुठेही असू शकतं. वीस गोळ्यांवर हाच पल्ला पाऊण पट ते दीडपट इतका आवळतो.

आणि कान उघडे ठेवा, अर्थात इअरमफ घालूनच. वीस अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, उणे १५ ला ३२२ च्या आसपास. म्हणजे खिशात ऊब घेतलेलं तुमचं ३२८ चं काडतूस उन्हाळ्यात आवाजाच्या मागे राहतं आणि जानेवारीत त्याच्या पुढे जातं. तेव्हा कडक तडाखा ऐकू येतो. यंत्र ३१५ दाखवतंय आणि तडाखा मात्र प्रत्येक गोळीला येतोय, तर त्या ३१५ वर विश्वास ठेवू नका.

पुढे मोठ्या कॅलिबरची काडतुसं स्वतः भरायचा विचार आहे म्हणता, म्हणून कळकळीने सांगतो. हिवाळ्यात उतरलेला वेग भरून काढायला पावडर वाढवू नका. तेच काडतूस जुलैत, उन्हात तापलेल्या गाडीतून निघून नळीत गेलं तर दाब धोक्याच्या रेषेपलीकडे जाऊ शकतो. आणि रेंजवरून परतल्यावर गार डबा घरात लगेच उघडू नका, काडतुसांवर दव धरतं. काही तास बंदच राहू द्या.