तुमचे प्रश्न : मानपत्रात नेमकं काय लिहायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो, इथल्या मराठी मंडळाचं काम बघतो. यंदा आमच्या भागातल्या लायब्ररीने विचारलं की हिस्पॅनिक हेरिटेज मंथमध्ये, म्हणजे स्पॅनिश भाषेशी नातं असलेल्या समाजांच्या वारशाच्या महिन्यात, लॅटिनो समाजात काम करणाऱ्या तिघांचा सत्कार करायचाय, तुम्ही पण या. आम्ही लगेच हो म्हटलं. मानपत्र आम्ही लिहायचं ठरलंय, शिवाय शाल, श्रीफळ आणि झेंडूचे हार द्यायचे असा बेत आहे. हे चालेल ना? आणि बोलताना हिस्पॅनिक म्हणायचं की लॅटिनो? — एक वाचक, सॅन होजे

उत्तर : तुमचं पत्र वाचून खरंच खूप बरं वाटलं. आपण तिकडे वर्षानुवर्षं आपले गणपती आणि दिवाळी पहाट करत राहतो आणि दोन गल्ल्या सोडून राहणारा माणूस तीस वर्षं कशासाठी झटतोय ते आपल्याला माहीतच नसतं, त्यामुळे तुम्ही हो म्हणालात हेच मला मोठं वाटतं.

आधी हारांचं सांगते कारण ते तातडीचं आहे. झेंडू मुळात मेक्सिकोचा, तिथून जग फिरत तो आपल्याकडे आला आणि आता दाराला झेंडूचं तोरण नसेल तर आपल्याला दसरा झाल्यासारखा वाटत नाही. पण मेक्सिकोत हेच फूल, त्याला ते सेम्पासूचिल म्हणतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांसाठी वेदी मांडतात तिथे वाहतात. त्यांचे फोटो, मेणबत्त्या, त्यांच्या आवडीचं खाणं आणि भोवती झेंडूच झेंडू, त्याच्या वासावर आणि रंगावर आत्म्यांना घरची वाट सापडते असं मानतात, आणि त्याला 'मेलेल्यांचं फूल' असंही म्हणतात. आता सत्तरीच्या एखाद्या आजोबांच्या गळ्यात स्टेजवर अचानक तो हार पडला तर त्यांच्या मनात काय येईल बघा. रागावतील असं नाही, पण आधी त्यांच्या घरच्यांना विचारा, नाहीतर सरळ गुलाबाचे हार करा. शाल बिनधास्त द्या. नारळ पण द्या, फक्त देताना आपल्याकडे तो का देतात ते दोन वाक्यांत सांगा, नाहीतर हातात नारळ घेऊन माणूस बुचकळ्यात पडतो.

दुसरं, नावं. स्पॅनिश पद्धतीत बरेचदा दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं मग आईकडचं, त्यामुळे नुसतं शेवटचं उचलून छापलं तर वडिलांचं नाव उडतं. आणि अक्षरांवरच्या खुणा गाळू नका. 'पेन्या' या आडनावात न च्या डोक्यावर छोटी वळणदार रेघ असते, ती गेली की 'पेना' होतं, आणि पेना म्हणजे दुःख. ण चा न केला की आपण कसे अस्वस्थ होतो, तसंच आहे ते. फोन करून नाव त्यांच्याच तोंडून ऐका आणि जो निवेदन करणार आहे त्याच्याकडून दहा वेळा म्हणून घ्या.

हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेशी नातं असलेले, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेले. म्हणून ब्राझीलचा माणूस लॅटिनो पण हिस्पॅनिक नाही कारण तिथे पोर्तुगीज बोलतात, आणि स्पेनचा माणूस हिस्पॅनिक पण लॅटिनो नाही. बऱ्याच जणांना स्वतःला मेक्सिकन, साल्वाडोरन, प्वेर्तो रिकन असं सांगायलाच आवडतं, मेक्सिकन अमेरिकनांमधले काहीजण अभिमानाने चिकानो म्हणतात. त्या तिघांनाच विचारा आणि ते म्हणतील ते लिहा.

आता मानपत्र, खरं तर मला यावरच बोलायचंय. काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातच मी अशा एका कार्यक्रमाला गेले होते, संस्थेचं नाव सांगत नाही. एक म्हातारी बाई होती, चर्चच्या मागच्या खोलीत कितीतरी वर्षं दर शनिवारी धान्यवाटप चालवणारी. तिचं नाव चुकीचं घेतलं, 'समर्पित समाजसेविका' असं वाचलं, हातात काचेचं स्मृतिचिन्ह दिलं, प्रायोजकासोबत फोटो काढला आणि तीन मिनिटांत खाली पाठवलं. माझ्याच शेजारी येऊन बसली. ती काचेची वस्तू मांडीवर उलटी ठेवून ती पुढचा पूर्ण तास हाताने तिची कड पुसत होती. तिची नात मला म्हणाली, आजीला वाटलं होतं बोलायला देतील, तिने कागदावर लिहून आणलं होतं. तो चार घड्यांचा कागद तिच्या पर्समधून वर आलेला दिसत होता. मला अजून आठवलं की पोटात तुटतं.

म्हणून सांगते, मानपत्रात विशेषणं नका भरू, काम लिहा. तुमच्या सॅन होजेपासून जवळच सालिनासचं खोरं आहे. तिथे लेट्यूसच्या शेतात मजुरांना फूट-दीड फूट दांड्याचं कुदळीसारखं अवजार द्यायचे, मजूर त्याला 'एल कोर्तितो' म्हणजे छोटुकलं म्हणत. लांब दांड्याने काम होत नव्हतं असं नाही, पण छोटा दांडा म्हणजे माणूस दिवसभर कमरेत वाकलेला राहणार आणि कोण ताठ उभं राहिलंय ते मुकादमाला लांबून दिसणार. पाठी कायमच्या गेल्या लोकांच्या. आपल्याकडे खुरपणीला बसणाऱ्या बायकांना विचारा, त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. मजूर कोर्टात उभे राहिले, त्यांच्या वकिलांनी डॉक्टरांच्या साक्षी काढल्या, आणि १९७५ साली कॅलिफोर्नियात ते अवजार बंद झालं. आता 'शेतमजुरांच्या हक्कांसाठी झटले' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार, पण त्या दांड्याची लांबी लिहिली की पाठ दुखायला लागते. तुमच्या तिघांकडेही असा एखादा दांडा असणारच. त्यांच्या घरी जा, चहा प्या, विचारा.

आणि श्रेय नीट द्या. 'सी, से पुएदे' म्हणजे 'हो, जमतं' ही घोषणा आज जगभर ऐकू येते, बरेच लोक ती शेतमजुरांचे नेते सेसार चावेस यांच्या नावावर टाकतात, पण ती दोलोरेस वेर्ता यांची, १९७२ सालची अ‍ॅरिझोनातली. या बाई आधी स्टॉकटनला शिक्षिका होत्या, वर्गात उपाशी, धड बूट नसलेली शेतमजुरांची मुलं यायची ते बघून त्यांनी नोकरी सोडली कारण त्यांना वाटलं की शिकवण्यापेक्षा या मुलांच्या आईबापांना एकत्र आणलं तर जास्त होईल. १९६२ साली चावेस यांच्यासोबत शेतमजुरांची संघटना काढली, द्राक्षमालकांशी समोर बसून करार केले, अकरा मुलं वाढवली, आणि तरी वर्षानुवर्षं लोक त्यांना कुणाची तरी मदतनीस समजत राहिले. २०१२ साली ओबामांनी त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा अमेरिकेतला सर्वोच्च नागरी सन्मान दिला आणि आपली 'येस वुइ कॅन' ही घोषणा मूळ त्यांची हे मान्य केलं. अजून एक, १९६५ चा कॅलिफोर्नियातल्या देलानोचा द्राक्षसंप सुरू केला तो लॅरी इट्लियाँग यांच्या फिलिपिनो मजुरांनी, मेक्सिकन मजूर आठ दिवसांनी आले. हे खुद्द लॅटिनो कार्यक्रमांत पण कधीकधी राहून जातं, तुम्ही राहू देऊ नका.

तर तीन नावं, प्रत्येकाला बोलायला किमान दहा मिनिटं, घरच्यांना पुढच्या रांगेत खुर्च्या, आणि मानपत्र मराठी, स्पॅनिश, इंग्रजी तिन्हींत. स्पॅनिश मशीनकडून करून घेऊ नका, लायब्ररीत बोलणारं कुणीतरी नक्की असेल.

प्रश्न : हा हेरिटेज मंथ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असा मधूनच का असतो? कॉलेजच्या क्विझमध्ये आलं होतं, कुणालाच येईना. — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : सोपं आहे. ग्वातेमाला, ओन्दुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्ता रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन १५ सप्टेंबर, मेक्सिकोचा १६ ला, चिलेचा १८ ला. म्हणून सुरुवात तिथून. आधी १९६८ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनच्या वेळी नुसता आठवडा होता, १९८८ साली रेगनच्या काळात महिना झाला. आणि १५ सप्टेंबरलाच मेजर लीग बेसबॉलमध्ये रोबेर्तो क्लेमेन्ते दिवस असतो. हा प्वेर्तो रिकोचा खेळाडू, बरोबर ३००० हिट्स करून थांबला, कारण १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं आणि तो त्यात होता. आधी पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही असं कळलं म्हणून तो स्वतः निघाला होता. बेसबॉलमध्ये समाजसेवेसाठी दर वर्षी जो पुरस्कार देतात तो त्याच्या नावाने आहे. क्विझमध्ये पुढच्या वेळी हे विचार.

प्रश्न : आमचा मुलगा न्यू जर्सीला पाचवीत आहे. शाळेत लॅटिनो लीडरवर प्रोजेक्ट आहे, सगळी मुलं तीच दोन-तीन नावं घेतात. त्याच्या वयाला कळेल असं कुणी सुचवा ना. — एक आई

उत्तर : सिल्विया मेंडेस. डोळे झाकून. कारण गोष्ट सुरू होते तेव्हा ती तुमच्या मुलापेक्षाही लहान होती. कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टर गावात तिच्या वडिलांनी शेत कसायला घेतलं होतं, ते शेत एका जपानी अमेरिकन कुटुंबाचं, ज्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने छावणीत डांबलं होतं. आत्या सगळ्या पोरांना घेऊन जवळच्या शाळेत नाव घालायला गेली. आत्याची मुलं गोरी, आडनाव फ्रेंच वळणाचं, त्यांना घेतलं. सिल्विया आणि तिचे भाऊ सावळे, आडनाव मेंडेस, त्यांना सांगितलं तुम्ही मेक्सिकन शाळेत जा. आत्या म्हणाली मग माझी पण नकोत आणि सगळ्यांना घेऊन घरी आली. ही आत्या मला फार आवडते, प्रोजेक्टमध्ये तिचं चित्र नक्की काढायला सांगा. एकाच घरातली मुलं रंगावरून आणि आडनावावरून वेगळी काढली, शाळेत कुणाला कुठे बसवायचं हे आडनावावरून ठरतं म्हणजे काय ते आपल्या देशात कुणाला समजवावं लागत नाही.

वडील गोन्सालो आणि आई फेलिसितास कोर्टात गेले, सोबत अजून चार कुटुंबं. १९४६ ला जिंकले, १९४७ ला अपिलातही जिंकले, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने शाळांतली वेगळी बसवणूक कायद्यातून काढली. त्यावर सही करणारे गव्हर्नर अर्ल वॉरन, हेच पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले आणि शाळांतली रंगावरून होणारी विभागणी बेकायदा ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटल्याचा निकाल त्यांनी दिला. सिल्विया मोठी होऊन नर्स झाली. आईने सांगितलं होतं की ही गोष्ट कुणाला माहीत नाही, तू सांग, म्हणून निवृत्त झाल्यावर ती शाळाशाळांत जाऊन सांगत राहिली. २०११ साली तिलाही वेर्ताबाईंसारखंच प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. मुलाला म्हणावं शेवटच्या पानावर मेडलचा फोटो लावच, पण पहिल्या पानावर शाळेचं दार असू दे.

प्रश्न : लॅटिनो लोकांचं कौतुक छापता, चांगलं आहे, पण आपला मराठी माणसाचा त्यांच्याशी संबंध काय? — एक जुने वाचक, नागपूर

उत्तर : काका, तुम्ही नागपूरहून विचारलंत म्हणून जास्तच आनंद झाला. पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पहिल्या महायुद्धात इराणपर्यंत भटकले आणि १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचले. तिथे चापिंगोच्या शेतकी महाविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं, आणि ज्यांना कॉलेजचं तोंड बघायला मिळणार नाही अशा शेतकऱ्यांसाठी फुकट शेतीशाळा काढल्या. मक्यावर, म्हणजे जो मका तिथल्या माणसाच्या भाकरीचा, त्याच्यावर एका वैदर्भी माणसाने काम करावं! आणि मेक्सिकोने त्याची जाण कशी ठेवली बघा. दिएगो रिवेरा हा तिथला सगळ्यात मोठा चित्रकार, त्याने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर खानखोज्यांना रंगवलं, सगळे टेबलाभोवती बसलेत आणि मधोमध बसून ते पाव मोडून वाटतायत. हातातलं काम दाखवणारं, म्हणजे मी वर मानपत्राबद्दल जे बोलले तेच भिंतीवर. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा बसवला, लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला तिथे गेले होते.

स्वातंत्र्यानंतर ते परत आले, नागपूरला राहिले आणि १९६७ साली तिथेच गेले. म्हणजे काका, तुमच्याच शहरात. त्यांना पाहिलेलं, त्यांच्या शेजारी राहिलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर त्यांच्याशी बोला आणि ते काय सांगतात ते मला लिहून पाठवा. सॅन होजेच्या मंडळींना कार्यक्रमात वाचायला मी ते पुढे देईन.