प्रश्न वाचकांचे : नगरपालिकेचा उमेदवार दारात आला की काय विचारायचं?

२ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी मतदान ठरलं होतं. बहुतेक गावांत बरीच वर्षं प्रशासक होता, त्यामुळे 'नगरसेवक नेमकं करतो काय' इथपासून पत्रं तेव्हा आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आमच्या प्रभागात सहा उमेदवार, शिवाय नगराध्यक्षपदाचे चार. मला मतं किती? दोन्ही मतं एकाच पॅनेलला द्यावी लागतात का?

नगरपरिषदेत एका प्रभागातून साधारण दोन सदस्य निवडून जातात. एकूण जागा विषम असतील तर एखादा प्रभाग तीन जागांचा असतो. म्हणजे प्रभागाच्या 'अ' जागेसाठी एक, 'ब' जागेसाठी एक आणि नगराध्यक्षासाठी एक अशी तीन मतं. नगरपंचायतीत प्रभागाला एकच सदस्य, म्हणून मतं दोन. पॅनेलचं बंधन अजिबात नाही. 'अ' जागेवर एका पक्षाचा, 'ब' जागेवर दुसऱ्याचा आणि नगराध्यक्ष अपक्ष असं चालतं. मात्र 'अ' जागेच्या दोघांना एकेक मत देता येत नाही. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरता 'नोटा' दाबा. प्रत्येक जागेचं बटण दाबून झाल्यावरच यंत्राची लांब शिट्टी वाजते. एक बटण दाबून निघालेल्या माणसाला केंद्राध्यक्ष परत बोलावतो तो याचसाठी.

सगळ्यांच्या जाहीरनाम्यात पहिलं कलम 'चोवीस तास पाणी'. आमच्याकडे चौथ्या दिवशी नळ येतो. कोण खरं बोलतंय हे ओळखायचं कसं?

गावाचा हिशेब घाला, उमेदवार आपोआप उघडा पडतो.

समजा लोकसंख्या ४० हजार आहे. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात, गटार नसलेल्या गावाला ७० लिटर. १३५ने गुणलं तर रोज ५४ लाख लिटर, आणि गळतीला १५ टक्के धरून ६२ लाख लिटर शुद्ध पाणी लागेल. उंच टाक्यांत रोजच्या गरजेच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे १८ ते २० लाख लिटर साठा हवा. आता पालिकेत जाऊन तीन आकडे विचारा : शुद्धीकरण केंद्राची क्षमता, टाक्यांची एकूण क्षमता आणि उन्हाळ्यात मूळ उद्भवातून, म्हणजे धरणातून किंवा नदीतून, रोज उचलता येणारं पाणी. तिन्हींत जो सगळ्यात लहान तोच गावाचा खरा पाणीपुरवठा. उद्भवच आटत असेल तर नवी टाकी बांधून काय साठवणार?

वीजबिलाचं कोणी बोलत नाही. तेवढंच पाणी ८० मीटर उंच चढवायचं तर पंपाची एकूण कार्यक्षमता ६५ टक्के धरून रोज २ हजारांच्या आसपास युनिट जळतात. युनिट ८ रुपयांचं धरा : दिवसाला १६ हजार, वर्षाला ५८ लाख. ८ हजार नळजोडण्या असल्या तर एका नळामागे ७२५ रुपये नुसत्या पंपाच्या विजेचे. तुरटी, क्लोरीन, पगार, फुटलेले पाइप यावर वेगळे. घरची पाणीपट्टीची पावती काढून हा आकडा शेजारी लिहा आणि दारात आलेल्या उमेदवाराला विचारा, 'पट्टी वाढवणार की फरक कुठून भरणार?' 'शासनाकडून आणू' हे उत्तर योजना बांधण्यापुरतं ठीक आहे. बांधलेली योजना चालवायचा खर्च गावालाच सोसावा लागतो.

कमी तास पाणी येणाऱ्या गावात बिघडतं कुठे, तेही सांगतो. पाणी बंद झालं की वाहिनीतला दाब शून्यावर येतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. नळ आल्यावर पहिली पाच मिनिटं पिवळं, वास मारणारं पाणी येतं ते यामुळे. त्यात लोक थेट नळाला मोटर लावतात, म्हणून वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरांना थेंब मिळत नाही. चोवीस तास दाब राहिला की दोन्ही दुखणी जातात. पण त्यासाठी आधी गावाचे छोटे झोन पाडून प्रत्येक झोनच्या तोंडाशी मोठं मीटर, प्रत्येक घराला मीटर आणि वापर वाढेल तसा चढता दर लागतो. कराडला खेटून असलेल्या मलकापूरने नेमकं हेच केलं आणि एवढ्याशा गावाने चोवीस तास पाणी दिलं. मीटरचं नाव न काढता चोवीस तासांचं आश्वासन देणारा उमेदवार अर्धंच बोलतोय.

आणखी एक. दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. ५४ लाख लिटर दिलं की ४३ लाख लिटर गटारात. पाणी वाढवलं आणि गटार तसंच राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात डासांचा कार्यक्रम ठरलेला. म्हणून पाणी आणि गटार या दोन ओळी जाहीरनाम्यात शेजारीशेजारी आहेत का ते बघा.

एका पॅनेलने घरपट्टी माफीचं आश्वासन दिलंय. शक्य आहे का?

नाही. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमानुसार मालमत्ता कर बसवणं सक्तीचं आहे, आणि केंद्राच्या १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानाच्या अटींतही मालमत्ता कराचा किमान दर ठरवण्याची अट होती. थकबाकीवरची महिन्याला २ टक्क्यांची शास्ती, म्हणजे दंड, माफ करण्याचा विषय राज्य सरकारचा आहे, प्रभागातल्या सभेचा नाही. सदस्याला हातात घेता येईल असं काम म्हणजे आकारणी नीट करून घेणं. चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीत एकाच्या पत्र्याच्या शेडला स्लॅबचा दर लागतो आणि दुसऱ्याचे वरचे दोन मजले नोंदीतच नसतात. हरकतींच्या सुनावणीला जो तुमच्याबरोबर येऊन बसेल, त्याला मत देण्यात अर्थ आहे.

मी क वर्ग (सगळ्यात लहान वर्गातल्या) नगरपरिषदेत महिला राखीव जागेवर पहिल्यांदाच उभी आहे. छापील पत्रकात सगळ्यांसारखं 'रस्ते, गटार, दिवे' लिहिलंय. याहून वेगळं, खरं काय सांगू?

ताई, आधी नगरसेविकेच्या हातात काय असतं ते पक्कं करा. सफाई कामगाराला आदेश मुख्याधिकारी देतो, सदस्य नाही. तुमचं बळ तीन ठिकाणी आहे : अंदाजपत्रकावरची चर्चा, विषय समिती (पाणीपुरवठा, बांधकाम, स्वच्छता व आरोग्य, महिला व बालकल्याण, शिक्षण, नियोजन) आणि सर्वसाधारण सभेतला ठराव. ठरावही बेकायदा किंवा निधीविना असला तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली स्थगिती देतात. म्हणून 'मी बांधून देईन' असं छापू नका. 'अमुक कामाची तरतूद मागेन, पहिल्या अंदाजपत्रकात' असं छापा. ते पाळता येतं आणि तपासताही येतं.

एका संध्याकाळी वही घेऊन गल्लीगल्लीत फिरा. खांब मोजा, बंद दिव्यांचे क्रमांक लिहा. गटारावरची फरशी कुठे तुटली, चेंबर कुठे तुंबतं, घंटागाडी कोणत्या बोळात शिरत नाही, शेवटच्या घराला नळ किती मिनिटं येतो, हे सगळं टिपा. मग पालिकेचं चालू वर्षाचं अंदाजपत्रक मिळवा. त्यात प्रत्येक लेखाशीर्षासमोर, म्हणजे जमाखर्चाच्या बाबीसमोर, तीन रकाने असतात : मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढील वर्षाचा अंदाज. पहिला रकाना वाचा. महिला व बालकल्याणाला ५ टक्के, दिव्यांगांना ५ टक्के तरतूद ठेवावीच लागते, पण प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात तिथे बऱ्याचदा शून्य किंवा किरकोळ रक्कम दिसते. पैसा मंजूर आहे, खर्च होत नाही. बाजारात महिलांसाठी कडी लागणारं, पाणी असणारं स्वच्छतागृह, रेशन दुकानापाशी व्हीलचेअर जाईल असा उतार, अशी कामं यातून होतात आणि त्यांच्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.

रस्त्यांचं म्हणाल तर १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) पैशाला कुंपण होतं. लहान शहरांच्या वाट्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच : ३० टक्के पिण्याच्या पाण्याला, ३० टक्के स्वच्छतेला. उरलेले ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार देता येत नव्हते. 'वित्त आयोगातून सगळे रस्ते' असं जो बोलेल त्याला एवढंच ऐकवा.

खर्चाचंही सांभाळा. क वर्गात सदस्यपदाच्या उमेदवाराला मर्यादा २ लाख ५० हजारांची आहे (नगराध्यक्षाला ७ लाख ५० हजार). निवडणुकीपुरतं वेगळं बँक खातं ठेवा, खर्च रोज लिहा, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्या. तो न दिल्याने निवडून आलेले लोकही अपात्र ठरू शकतात. चुकतं कुठे? कार्यकर्त्याने हौसेने लावलेला फलक आणि सभेनंतरचा चहा-वडापाव वहीत येत नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दरपत्रकात या प्रत्येकाचा दर ठरलेला असतो आणि तुम्ही लिहिलं नाहीत तरी पथक तो तुमच्या नावावर धरतं.

न विचारलेलं एक सांगून ठेवतो. निवडून आल्यावर सभेच्या विषयपत्रिकेचा लिफाफा स्वतः उघडा. यजमानांनी उघडायची सवय लागली की पुढची पाच वर्षं तेच बोलतात.

कचरा रोज उचलणार असं सगळेच म्हणतात. कोणता उमेदवार विषय जाणतो हे कसं कळेल?

त्याला ठेकेदाराचं बिल कशावर निघतं ते विचारा. वजनावर निघत असेल तर गाडीत ओला कचरा, माती, पाडकामाचे विटांचे तुकडे, सगळं भरलं जातं. जितकं जड, तितकं बिल. वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होतो त्याचं मूळ इथे आहे, लोकांच्या आळसात नाही. बिल 'वर्गीकृत कचरा दिलेल्या घरांच्या' संख्येवर निघालं की चालक स्वतःच दोन डबे मागू लागतो.

बाकी हिशेब सोपा. माणशी ३०० ग्रॅम धरले तर ४० हजारांच्या गावात रोज १२ टन. एका घंटागाडीत खेपेला ६०० किलो, म्हणजे २० खेपा, म्हणजे दोन फेऱ्यांच्या १० गाड्या. एका गाडीला ८०० घरं, घराला २० सेकंद, नुसते साडेचार तास. तुमच्याकडे चार गाड्या असतील तर 'रोज' शक्यच नाही. गाडीच्या मधोमध पत्र्याचा पडदा आहे का, तेही बघा. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने कचरा घरापासूनच वेगळा घेतला, प्लास्टिक, काच, कापड निरनिराळं काढलं आणि डेपोची जागा लोक पाहायला येतील अशी केली.

उमेदवाराने 'या मोकळ्या जागेवर उद्यान' असा फलक लावलाय. जागा कोणाची आहे?

फलकावरून कळणार नाही. पालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखड्याचा नकाशा पाहा, सर्व्हे क्रमांक आणि आरक्षण क्रमांक टिपा, मग सातबारा किंवा मिळकत पत्रिका बघा. आरक्षण असणं आणि जागा ताब्यात असणं यांत फार अंतर आहे. अंतिम आराखडा होऊन १० वर्षं झाली तर मालक १९६६च्या नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. कैक उद्यानं अशी गेली. उमेदवाराला विचारा : नोटीस आली आहे का, आणि मोबदल्याची तरतूद किती? कार्यालय दाद देत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा : १० रुपयांचा स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस.

उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र कुठे मिळतं आणि त्यात काय बघावं?

राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात. गुन्हे आणि मालमत्ता सगळेच पाहतात. तुम्ही व्यवसायाचा रकाना पाहा. पालिकेच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही, म्हणून ठेके पुतण्याच्या, मेहुण्याच्या नावाने चालतात. मागच्या दोन वर्षांची कामवाटपाची यादी पालिकेतून मागवा आणि तिच्यातली आडनावं प्रतिज्ञापत्रातल्या कुटुंबीयांच्या नावांशेजारी ठेवून वाचा.