हळद-लसणाआधी मका बघ

भावा, अँटिबायोटिकऐवजी खाद्यात हळद-लसूण आणि झिंकसारखी खनिजं घालून ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबड्या) वाढवायचं ठरवलंस, फार चांगलं केलंस. युरोपनं वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं 2006 पासून बंद केलं, आपल्याकडं 2019 मध्ये पशुखाद्यातल्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली. पण हळद-लसणाची पावडर अँटिबायोटिकची जागा जशीच्या तशी घेईल, असं समजू नकोस.

सुरुवात मक्यापासून कर. कोल्हापूरच्या पावसात मका दमट राहिला की बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, पक्ष्यांचं यकृत खराब होतं आणि प्रतिकारशक्ती ढासळते. ओलावा 14 टक्क्यांच्या आतच पाहिजे. बेंटोनाइट माती हे विष आतड्यात धरून ठेवते, म्हणून खनिजांत मी पहिला मान तिला देतो. झिंक मिनरल मिक्श्चरमध्ये असतंच. वरून जास्त घातलंस तर तांबं अंगी लागत नाही.

हळद किलो खाद्याला 5 ग्रॅमपर्यंत. सांगली शेजारीच आहे, बिनभेसळीची घे. आधी अर्ध्याच पक्ष्यांना देऊन वजनं ताडून बघ.

शेडमध्ये पक्ष्यांखाली अंथरलेलं तूस ओलं होऊ देऊ नकोस, अमोनियानं डोळे चुरचुरणाऱ्या शेडमध्ये कुठलीच पावडर चालत नाही. विष्ठेत रक्त दिसलं तर मात्र थेट पशुवैद्यकांना बोलाव. त्यांनी औषध दिलं तर दे, आणि विक्रीआधी थांबायचे दिवस पाळ.