भूशास्त्र मंडळाच्या सहलीला पहिल्यांदाच जातोय. आधी काही शिकावं लागेल का? सोबत काय घ्यावं?

आधी काही शिकायची गरज नाही. दगडासमोर उभं राहूनच हे शास्त्र कळतं. १७८८ मध्ये स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन दोन मित्रांना घेऊन होडीने स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला गेला. तिथे दगडाच्या उभ्या थरांवर तिरपे थर टेकलेले दिसतात. खालचे थर उभे होऊन झिजायला आणि त्यांवर नवे साचायला केवढा काळ लागला असेल! ते पाहून पृथ्वीच्या अफाट वयाची खूण त्या तिघांना तिथेच पटली.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग हवंच. ते डोळ्याला चिकटवून धरा आणि दगड जवळ आणा. नवे लोक नेमकं उलटं करतात. खिशात पोलादी चाकू असू द्या. कॅल्साइट या खनिजाचं काठिण्य १ ते १० च्या मोस मापावर ३, त्यावर ओरखडा उठतो. क्वार्ट्झचं (गारगोटीचं) ७, त्यावर नाही. दोन्ही पांढरेच दिसतात, म्हणून ही चाचणी मला फार आवडते. बाकी वही, पेन्सिल, मजबूत बूट. कड्याखाली किंवा खाणीत हेल्मेट घालाच.

हातोडा मात्र घरीच ठेवा. उघड्या थरावर घाव घातला की पुढच्या गटासाठीचा पुरावा कायमचा जातो. नमुना हवाच असेल तर खाली पडलेला तुकडा उचला, तोही सहलप्रमुखांना विचारून. आणि फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर थराची जाडी नंतर कळत नाही.